जमिनीखालून कोण बोलते?

१५ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या परिसरात जमिनीखालून मोठे आवाज आले. लोक घाबरले. प्रशासनाने लातूर, औराद शहाजानी आणि आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे चौकशी केली, तेव्हा भूकंपाची कोणतीही नोंद नसल्याचे उत्तर मिळाले. आदल्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातील हासोरी गावात असेच आवाज येऊ लागले होते आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या तज्ज्ञांना पाचारण करण्याची वेळ आली होती. वर्तमानपत्रांनी दोन्ही वेळा ‘गूढ आवाज’ असे मथळे दिले. ‘गूढ’ हे विशेषण लावल्याखेरीज अशा आवाजाची बातमी छापली जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

कानाने ऐकले, पण यंत्राने नोंदले नाही. या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेतच भुते शिरतात, आणि हे काही फक्त आपल्याकडे घडते असे नाही. स्वीडनमधील फ्रीडरिश युर्गेनसन या चित्रकाराने १९५९ साली पक्ष्यांचे आवाज टेपवर घेतले. टेप ऐकताना त्याला त्यात माणसांचे, पुढे तर दिवंगत आईचेही बोलणे ऐकू आले. लाटव्हियात जन्मलेल्या कॉन्स्टंटिन रौडिव्ह याने हाच उद्योग वाढवून हजारो ‘आवाज’ गोळा केले. त्याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९७१ साली निघाले. तेव्हापासून मृतात्म्यांचे आवाज टिपण्यासाठी पछाडलेल्या समजल्या जाणाऱ्या इमारतींत, बंद कारखान्यांत आणि तुरुंगांत टेपरेकॉर्डर घेऊन रात्र काढणारे संशोधक पाश्चात्त्य देशांत पुष्कळ झाले. त्यांची पद्धत साधी असते. यंत्राची संवेदनशीलता शक्य तितकी वाढवायची, खरखर टिपायची आणि ती पुन:पुन्हा ऐकायची. भरकटलेल्या रेडिओ लहरींचा तुकडा मध्येच सापडला तर काम आणखी सोपे होते. खरखरीत शब्द शोधणे हा मेंदूचा स्वभावच आहे. आगगाडीच्या खडखडाटाला आपण लहानपणी शब्द बसवत नव्हतो का?

या मंडळींना हसून मोकळे होणे मात्र बरोबर नाही, कारण एका अशाच प्रकरणातून चांगले भौतिकशास्त्र निघाले. विक टँडी हा इंग्रज अभियंता वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. ती जागा पछाडलेली आहे अशी सहकाऱ्यांत कुजबुज होती. एके रात्री एकटाच बसलेला असताना टँडीला घाम फुटला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून एक करडी आकृती दिसल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचे पाते दुरुस्तीसाठी शेगड्यात आवळले, तर ते आपोआप थरथरू लागले. टँडीने मांत्रिक बोलावला नाही. पाते खोलीत सरकवत नेले आणि कंप कोठे वाढतो, कोठे थांबतो ते पाहिले. शेवटी नव्याने बसवलेला हवा बाहेर फेकणारा पंखा दोषी ठरला. तो सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, म्हणजे कानाला ऐकू न येणारा अवश्राव्य ध्वनी निर्माण करीत होता. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर या ध्वनीची तरंगलांबी १८ मीटर येते. तिच्या निम्मे म्हणजे ९ मीटर, आणि प्रयोगशाळेची लांबी जवळजवळ तेवढीच होती! खोलीत स्थायी तरंग तयार झाला होता. टँडी व टोनी लॉरेन्स यांचा हा लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला. अवश्राव्य ध्वनीमुळे माणसाला खरोखर भास होतात का, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. लंडनमध्ये मुद्दाम रचलेल्या ‘पछाडलेल्या’ खोलीतील प्रयोगात तसा संबंध आढळला नाही, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. पंख्याचे मोजमाप पक्के, भुताचे स्पष्टीकरण कच्चे, असे आम्ही म्हणू.

आता आपल्या आवाजांकडे वळू. महाराष्ट्रात त्यांचा इतिहास कोयनेपासून सांगावा लागतो. १९६२ साली शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि लवकरच परिसरातील लोकांना सुरुंग उडाल्यासारख्या आवाजांसह हादरे जाणवू लागले. तेथे भूकंपमापक बसवण्यात आले आणि धरणाच्या आसपास उथळ भूकंप होत असल्याचे दिसले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि सुमारे दोनशे माणसे दगावली.

किल्लारीला मात्र धरणासारखे डोळ्यांत भरणारे कारण जवळ नव्हते. तेरणा नदीवरील माकणीच्या जलाशयाचा संबंध पुढे जोडला गेला, पण तो वादाचाच विषय राहिला. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात आवाज आणि हादरे सुरू झाले. १८ ऑक्टोबर १९९२ चा हादरा त्यांत सर्वांत मोठा होता. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, कठीण भूमी, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती आणि या भागात कायमचे भूकंपमापन केंद्र नव्हते. हादरे विरळ झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना, ६.२ महत्तेचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद असलेली घरे कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यामुळे लातूर जिल्ह्यात जमिनीखालून काही वाजले की म्हातारी माणसे दचकतात, यात अंधश्रद्धा नाही, आठवण आहे.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल विंधणछिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचे थर आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक. म्हणजे ज्या लाव्ह्याच्या थरांना आपण ‘दख्खन’ म्हणतो ते येथे अर्धा किलोमीटरही जाड नाहीत. हादरे निर्माण होतात ते त्याखालच्या, आपल्याला न दिसणाऱ्या जुन्या भेगांत.

नांदेडची कथा वेगळी आहे. नोव्हेंबर २००६ पासून शहराच्या काही भागांत स्फोटासारखे आवाज येऊ लागले, भांडी वाजू लागली. तेथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि हैदराबादची संस्था यांनी शहरात उपकरणे बसवली. उत्तर मिळाले ते यंत्र आवाजाच्या अगदी जवळ नेल्यामुळे. नांदेड शहराच्या थेट खाली, फारच कमी खोलीवर, सूक्ष्म भूकंपांची मालिका चालू होती.

सूक्ष्म भूकंप ऐकू कसा येतो? भूकंपाचे प्राथमिक तरंग हे खडकातून जाणारे ध्वनितरंगच असतात. ते जमिनीवर पोचले की जमीन लाउडस्पीकरच्या पडद्यासारखी वरखाली हलते आणि हवेत ध्वनी निर्माण करते. मोठ्या भूकंपातील बरीचशी ऊर्जा सेकंदाला एकदोन कंपने किंवा त्याहूनही मंद अशा हालचालीत असते. अगदी लहान भूकंपाची भेग काही मीटरचीच असते, म्हणून त्याची कंपने जलद असतात. ती २० हर्ट्झच्या वर गेली की आपल्या कानाच्या कक्षेत येतात. एरवी अशी जलद कंपने वाटेतच विरतात, पण नाभी उथळ आणि खडक कठीण असेल तर ती तग धरतात. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रक आणि भूकंपमापक शेजारी ठेवून केलेल्या नोंदींत असे आवाज ५० ते ७० हर्ट्झच्या आसपास सापडले.

वर्गात करण्याजोगे एक गणित पाहा. नाभी २ किलोमीटर खोल असेल आणि प्राथमिक तरंगांचा वेग सेकंदाला ५ किलोमीटर धरला, तर ते ०.४ सेकंदात पोचतात. दुय्यम तरंग सेकंदाला ३ किलोमीटरने ०.६७ सेकंदात. म्हणून ‘धडाम’ आणि पत्र्याचा खडखडाट जवळजवळ एकाच क्षणी होतात. शिवाय ५० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर आणि आपल्या दोन कानांत अंतर वीतभर! दिशा कळणार कशी? एक जण आवाज विहिरीकडून आला म्हणतो, दुसरा देवळाकडून, तिसरा आपल्याच जोत्याखालून. तिघेही प्रामाणिक असतात.

मग केंद्रात नोंद का होत नाही? महत्ता एकच्या आसपासचा भूकंप वीस-तीस किलोमीटरवर पोचेतो वाहनांच्या आणि वाऱ्याच्या कंपनांत बुडून जातो. शिवाय सेकंदाला १०० नमुने घेणारे यंत्र ५० हर्ट्झच्या वरचे काही नोंदवूच शकत नाही. ‘नोंद नाही’ याचा अर्थ ‘काही घडले नाही’ असा होत नाही. अर्थात खाणीतील सुरुंग किंवा ध्वनीपेक्षा वेगवान विमान, ही कारणेही दर वेळी तपासावी लागतात. बंगालच्या बारीसाल भागात एकोणिसाव्या शतकात ऐकू येणाऱ्या ‘बारीसाल तोफां’चे समाधानकारक उत्तर आजही नाही. उलट अमेरिकेत कनेटिकट राज्यातील मूडस गावाचे आवाज, जे तेथील मूळ रहिवासी देवाचा शब्द मानीत, ते उथळ सूक्ष्म भूकंपांचे असल्याचे १९८० च्या दशकात जवळ उपकरणे ठेवल्यावर निश्चित झाले.

शिक्षकांना गावात हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: हे आवाज म्हणजे मोठ्या भूकंपाची सूचना का? नांदेडला इतके आवाज झाले, मोठा भूकंप झाला नाही. किल्लारीला झाला. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात कित्येक वर्षे आवाज येत होते. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी त्या जिल्ह्यात ४.५ महत्तेचे भूकंप झाले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. आवाज ऐकून भाकीत करता येईल असे शास्त्र आज कोणाजवळही नाही.

याच्या उलट दिशेचा एक दिलासा सर्रास दिला जातो, तोही खोटा आहे. लहान हादऱ्यांनी जमिनीतील ताण हळूहळू निघून जातो, म्हणून ते बरेच, असे अधिकारीही सांगतात. महत्ता एकने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. महत्ता १ आणि किल्लारीचा ६.२ यांत ५.२ चा फरक आहे, म्हणजे ऊर्जेत सुमारे ६ कोटी पटींचा. एका किल्लारीचा ताण अशा आवाजांनी निघायचा तर रोज हजार आवाज धरले तरी दीडशेहून अधिक वर्षे लागतील. गावाला सांगायचे ते घराबद्दल सांगावे. कोपऱ्यात भिंती नीट जुळल्या आहेत का, जोत्यावर, खिडक्या-दारांवर आणि छताखाली काँक्रीटचे पट्टे आहेत का, माळवदावर दरवर्षी नवी माती चढते आहे का.

आणि शाळेत एक वही ठेवावी. आवाज आला की घड्याळ पाहून सेकंदापर्यंत वेळ लिहायची, एकच बार होता की गडगडाट, भांडी हलली की नाही, त्या वेळी जवळ खाणीत सुरुंग होता का, हे लिहायचे. दिशा विचारू नये, कारण वर सांगितलेच आहे. दोन-तीन गावांच्या अशा वह्या हाती असतील, तर फिरते उपकरण नेमके कोठे ठेवायचे हे ठरवायला भूकंपतज्ज्ञांना त्यांची मदत होते.