स्वसंरक्षणाचे छोटे शस्त्र : काडतुसांची क्षमता (बारामती व इंदापूर)

छोट्या शस्त्राची क्षमता म्हणजे ते पुन्हा न भरता त्यातून जितक्या गोळ्या झाडता येतात तो आकडा. रिव्हॉल्व्हरमध्ये तो चक्रीतील घरांवरून ठरतो, पिस्तुलात मॅगझिनवरून. पिस्तुलाच्या चेंबरमध्ये आधीच एक काडतूस चढवलेले असेल तर त्यात एकाची भर पडते. पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेकडील बारामती आणि इंदापूर तालुक्यांत परवानाधारकाच्या कमरेला जी शस्त्रे दिसतात, त्यांत हा आकडा बहुधा सहा ते आठ असतो. अमेरिकेत अंगावर लपवून बाळगायच्या पिस्तुलात दहा गोळ्या हव्यात की सतरा, यावर पुस्तके लिहिली जातात. तिथे ग्राहकापुढे दुकानभर पर्याय असतात. इथे दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच कायद्याने आणि बोअरने बराच निकाल लावलेला असतो, आणि प्रश्न उरतो तो हाती आलेल्या सहा-आठ गोळ्या कशा वापरायच्या, बाळगायच्या आणि हिशेबात ठेवायच्या हा.

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार ९ मिमी, .३८ आणि .४५५ ही बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत. लष्कर आणि पोलिसांची काडतुसे खासगी हातांत फिरू नयेत, हे त्यामागचे जुने कारण. जगभर पंधरा-सतरा गोळ्यांची मॅगझिन असलेली जी पिस्तुले प्रसिद्ध आहेत, ती मुख्यतः ९ मिमीची. ग्लॉक १७ मध्ये सतरा गोळ्या बसतात, ग्लॉक १९ मध्ये पंधरा. ही सारी त्या एका नियमाने बाजूला पडतात. चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सोडत राहणारे स्वयंचलित शस्त्रही निषिद्धच. राहते ते मुख्यतः .३२ बोअर. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्रांची आयातही आटली. त्यामुळे बाजारात एकतर देशी कारखान्यांचा माल असतो, किंवा आयात बंद होण्याआधी आलेली आणि एका परवान्यावरून दुसऱ्यावर गेलेली वेब्ली, वॉल्थर यांसारखी जुनी शस्त्रे, ज्यांची किंमत वयाबरोबर वाढतच गेली आहे.

देशी .३२ रिव्हॉल्व्हरचा जुना नमुना कानपूरच्या आयुध निर्माणीचा. तो ब्रिटिश वेब्लीवर बेतलेला आहे. बिजागरीवर नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणले. टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅमचे, स्त्रियांच्या पर्समध्ये मावेल असे. किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास. क्षमता मात्र तीच, सहा. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’ची चक्री बाजूला उघडते, नळी ७६ मिमी, वजन सुमारे ७०० ग्रॅम. उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात वेब्लीच्या नावाने बनणारे रिव्हॉल्व्हरही .३२ चेच. पिस्तुलांत ‘अशनी’ हे नाव सर्वांत परिचित. जुन्या परदेशी शस्त्रांपैकी वॉल्थर पीपीच्या .३२ आवृत्तीत आठ आणि पीपीकेत सात गोळ्या बसतात. म्हणजे रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तूल घेतले तरी पदरात पडतात एक-दोन गोळ्या, आणि एक जादा मॅगझिन खिशात ठेवण्याची सोय. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही .३२ म्हणवली जात असली तरी त्यांची काडतुसे वेगळी आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि कडेला ओठ असलेले, पिस्तुलाचे ७.६५ मिमी. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. दोन्हींच्या बुडावर अनेकदा ‘केएफ’ ही रोमन अक्षरे कोरलेली आढळतात. ती १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण.

क्षमतेचा विचार गोळीच्या ताकदीपासून तोडता येत नाही. .३२ ची गोळी नळीतून सुटताना जी ऊर्जा घेऊन निघते, ती ९ मिमीच्या सुमारे तिसरा हिस्सा असते. कमी ताकदीच्या गोळीला जास्त गोळ्यांची जोड हवी, असा युक्तिवाद त्यावरून केला जातो. तो चुकीचा नाही, पण अर्धा आहे. .३२ चा झटका कमी असल्याने दुसरी आणि तिसरी गोळी नेम न ढळता झाडता येते, आणि न लागलेली गोळी, ती कितीही ताकदीची असो, उपयोगाची नसते. हलक्या शस्त्रात हा फायदा थोडा कमी होतो. ‘निर्भीक’सारखे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर दिवसभर बाळगायला सोपे, झाडताना मात्र हाताला अधिक उसळी देणारे. रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते. पिस्तुलात स्लाइड हाताने मागे खेचून ते काडतूस बाहेर काढावे लागते. घाबरलेल्या माणसाच्या हातात सहा खात्रीच्या गोळ्या आठ अडखळणाऱ्या गोळ्यांपेक्षा अधिक मोलाच्या ठरतात.

या दोन तालुक्यांत छोट्या शस्त्राचा परवाना मागणाऱ्याची कारणे ठरावीक असतात. व्यापाऱ्याजवळ रोकड असते, ठेकेदाराचे वैर असते, राजकारण्याला धमक्या येतात, आणि नीरा डाव्या कालव्याच्या भिजक्या पट्ट्यात गावापासून लांब, उसाच्या मधोमध वस्ती करून राहणाऱ्या बागायतदाराला दरोड्याची धास्ती असते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या साखर कारखान्यांच्या परिसरात अशा वस्त्या शेकडो. ऊस उभा असेपर्यंत एका वस्तीचा दिवा दुसरीला दिसत नाही. पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण ते इंदापूर रात्रीचा प्रवास करणाऱ्यांचेही तेच कारण असते.

वस्तीवरच्या माणसाची क्षमतेची आकडेमोड बहुधा दरोड्यावरून सुरू होते. कायद्याच्या व्याख्येनेही दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. पाच माणसे, सहा गोळ्या, एक शिल्लक, असा हिशेब गप्पांत ऐकू येतो. तो टिकत नाही. अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाच्या काही गोळ्या चुकणारच. घरात बायकामुले असतात, पत्र्याच्या किंवा विटेच्या एकेरी भिंतीपलीकडे कोण आहे ते दिसत नाही, आणि हल्लेखोर रांगेत उभे राहत नाहीत. सहाऐवजी सोळा गोळ्या असत्या तरी यातले काही बदलत नाही. चुकलेल्या गोळ्यांची संख्या तेवढी वाढण्याची शक्यता असते. दार मजबूत असणे, अंगणात दिवा आणि कुत्रे असणे, शेजारच्या वस्तीला आणि पोलिसांना फोन लागेपर्यंत वेळ काढणे, यांवर सहा गोळ्यांचा उपयोग अवलंबून असतो. विशेष म्हणजे वस्तीसाठी कायद्याचा कल छोट्या शस्त्राकडे नाहीच. अधिनियमाच्या कलम १३ नुसार संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचे परवाने सुलभ ठेवले आहेत. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण दाखवावे लागते. दुनळी बारा बोअरमध्ये काडतुसे दोनच, तरी घर राखायला ती .३२ पेक्षा सरस, हे जुन्या बागायतदारांना ठाऊक होते.

उसात बिबट्या येऊ लागल्यापासून कमरेला पिस्तूल असावे, असेही बोलले जाते. बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मधील प्राणी आहे. जिवावर बेतल्यावर सद्हेतूने स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी त्याला मारणे हा त्या अधिनियमाखाली गुन्हा ठरत नाही, पण .३२ ची गोळी त्या कामासाठी नाही. जखमी बिबट्या निरोगी बिबट्याहून धोकादायक. सुपे परिसरातील मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूरचे कडबनवाडीचे गवताळ रान, जिथे चिंकारा आणि लांडगे आहेत, तिथे शस्त्र घेऊन फिरण्याने वेगळीच आपत्ती ओढवते.

किती गोळ्या झाडता येतील याइतकाच, किती झाडल्याचे समर्थन करता येईल हा प्रश्न महत्त्वाचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी अशा मोजक्या प्रसंगी. मात्र बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि धोका सरला की हक्कही सरतो. पळणाऱ्याच्या पाठीत लागलेली चौथी गोळी पहिल्या तिन्हींच्या बचावावर पाणी फिरवू शकते. पंचनाम्यात पुंगळ्या मोजल्या जातात, त्या कुठे पडल्या ते नकाशात दाखवले जाते, उरलेली जिवंत काडतुसे मोजून जप्त होतात. त्यामुळे शस्त्रातील प्रत्येक गोळी पुढे न्यायालयात एका वेगळ्या प्रश्नाचे रूप घेऊ शकते.

काडतुसांचा दुसरा आकडा परवान्यावरच छापील असतो. एका वेळी जास्तीत जास्त किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, या दोन्ही मर्यादा तिथे नोंदवलेल्या असतात, आणि विक्रेता प्रत्येक खरेदीची नोंद करतो. ग्रामीण भागासाठी परवाना देणारे अधिकारी पुण्याचे जिल्हाधिकारी. त्याआधी स्थानिक ठाणे आणि पुणे ग्रामीण पोलिसांकडून चौकशी होते. क्षमतेच्या चर्चेत या वार्षिक मर्यादेचा उल्लेख क्वचितच येतो, पण प्रत्यक्षात तीच निर्णायक. समजा परवान्यावर एका वेळी पंचवीस आणि वर्षाला पन्नास काडतुसे लिहिली आहेत. आठ गोळ्यांची दोन मॅगझिन भरून ठेवली की सोळा त्यातच अडकली. सरावाला वर्षभरात चौतीस उरली, म्हणजे महिन्याला तीनही नाहीत. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरवाल्याला चव्वेचाळीस मिळतात. मोठ्या क्षमतेचे शस्त्र घेऊन सरावच न करणारा माणूस स्वतःला फसवतो. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे, पण एकदा मिळालेले प्रमाणपत्र हाताची सवय टिकवत नाही. नकली काडतुसांवरचा कोरडा सराव हा त्यातला स्वस्त आणि कायदेशीर मार्ग. परवान्याबाहेरचे एकही काडतूस मिळवणे हा गुन्हा. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीकडून येणारे गावठी कट्टे आणि पिस्तुले पोलीस पकडतात तेव्हा बातमीत जिवंत काडतुसांचा आकडा असतो, कारण विनापरवाना काडतूस बाळगणेही शस्त्र बाळगण्याइतकेच शिक्षापात्र आहे.

लपवून बाळगणे ही भारतात निवड नाही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी छोटे शस्त्र अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. दाखवणे, उगारणे निषिद्ध आहे. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. झाकण्याच्या अटीचा क्षमतेशी थेट संबंध आहे. चक्री जाड असते. सहा घरांचे रिव्हॉल्व्हर पातळ सुती सदऱ्याखाली उठून दिसते. पिस्तूल चपटे, म्हणून कमी दिसते. मे महिन्यात बारामतीत पारा चाळिशीच्या पुढे असताना जाकीट घालून हिंडता येत नाही, त्यामुळे शस्त्राचा आकार आणि जाडी हा इथे हौसेचा विषय नसून कायदा पाळण्याचा भाग ठरतो. घाम आणि उन्हाळ्यातील धूळ पिस्तुलाच्या स्लाइडला आणि मॅगझिनच्या स्प्रिंगला त्रास देतात. अंगावर वर्षभर वागवलेली काडतुसे सरावात संपवून नवी भरावीत, असे जाणकार सांगतात.

निवडणुकीच्या काळात क्षमता शून्यावर येऊ शकते. आचारसंहिता लागली की छाननी समिती परवानाधारकांची यादी तपासते आणि ज्यांना सांगितले जाईल त्यांना शस्त्र जमा करावे लागते. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेणे योग्य नाही, प्रत्येकाचा स्वतंत्र विचार व्हावा, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात २००९ मध्ये घेतली होती. सहकारी कारखाना, बाजार समिती, जिल्हा परिषद, विधानसभा अशा निवडणुकांची माळ असलेल्या या तालुक्यांत शस्त्र जमा करण्याचा अनुभव परवानाधारकांना नवा नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. वारशाने मिळालेली शस्त्रेही याच दोनांत धरली जातात. म्हणून घरात आजोबांची बारा बोअर आणि वडिलांचे वेब्ली असेल, तर जास्त गोळ्यांचे नवे पिस्तूल घेण्यासाठी आधी एक शस्त्र सोडावे लागते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, ते वारसाच्या नावे करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे, पण वारसाला स्वतःचा परवाना घ्यावा लागतो. परवानाधारक मरण पावल्यास शस्त्राबरोबर शिल्लक काडतुसेही जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात, आणि वारसाच्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा नव्याने लिहिली जाते.