क्षयाचा दुसरा अवतार

एखाद्या रोगावर औषध सापडले, की त्या रोगाचा इतिहास संपला, अशी आपल्या सुशिक्षित समाजातही एक भाबडी समजूत आढळते. क्षयरोगाने ती पार खोटी पाडली आहे. मुंबईच्या उपनगरांत आज क्षयाचे असे जंतू वावरत आहेत, की ज्यांच्यावर नेहमीच्या औषधांची मात्रा चालत नाही. याचा दोष कोणाचा, असे विचारताच 'रोग्याने औषध अर्धवट टाकले' हे ठराविक उत्तर मिळते. ते कितपत न्यायाचे आहे, हे इतिहासाच्या साक्षीने पाहण्याचा आमचा हेतू आहे.

कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला. परंतु पुढे साठ वर्षे मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती यांपलीकडे वैद्यांपाशी फारसे काही नव्हते. पाचगणीचे बेल-एअर आरोग्यधाम १९१२ साली निघाले, ते याच भरवशावर. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि आशा पालवली. तथापि ब्रिटनमध्ये त्याची जी परीक्षा झाली, तिचा १९४८ चा वृत्तांत सावध करणारा होता. रोगी प्रथम झपाट्याने सुधारत; पण थोड्याच महिन्यांत पुष्कळांच्या शरीरातील जंतू त्या औषधाला जुमानीनासे होत. कारण उघड आहे. फुप्फुसातील कोट्यवधी जंतूंत काही थोडे जन्मतःच त्या औषधाला दाद न देणारे असतात. एकटे औषध बाकीच्यांना मारते आणि या थोड्यांना रान मोकळे करून देते. म्हणून अनेक औषधे एकाच वेळी द्यावीत, हा नियम ठरला. १९५२ पासून आयसोनियाझिडही हाती आले. आणि योग्य औषधांनी रोगी घरी राहूनही आरोग्यधामाइतकाच बरा होतो, हे १९५९ साली मद्रासच्या प्रयोगाने सिद्ध केले. म्हणजे ज्ञानाची उणीव अशी उरली नव्हती.

मग उणीव कोठे होती? उपनगरांच्या वेशीवरील धारावीत खासगी डॉक्टरांची जी पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, तीत १०० डॉक्टरांनी क्षयासाठी ८० प्रकारच्या औषधयोजना लिहून दिल्या! २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत १०६ डॉक्टरांच्या ६३ योजना निघाल्या, आणि बिनचूक चिठ्ठी लिहिणारे केवळ ६. पुढे २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, तपासलेले एकही औषध लागू न पडणारे चार रोगी जगापुढे मांडले. या प्रकाराला कोणते नाव द्यावे यावर सरकारने वाद घातला. पण त्यातील खरा बोध नावात नव्हता. चौघांपैकी तिघांना निरनिराळ्या खासगी डॉक्टरांनी राखीव औषधे एकेक करून, पुष्कळदा चुकीच्या प्रमाणात दिलेली होती. १९४८ साली जगाला कळलेली चूक साठ वर्षांनंतर मुंबईत पुनः घडत होती. चिठ्ठीबरहुकूम पदरचे पैसे मोडून औषध घेणाऱ्या रोग्याचा यात काय अपराध?

आता तर प्रकरण याही पुढे गेले आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि हवा खेळत नाही. अशा ठिकाणी औषधाला न जुमानणारा जंतूच एकाच्या खोकल्यातून दुसऱ्याच्या छातीत जातो. २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत, पूर्वी क्षयाचे औषध कधीच न घेतलेल्या रोग्यांतही शेकडा सुमारे ३ जणांचा क्षय प्रमुख औषधांना दाद न देणारा निघाला. ज्यांनी औषध कधी घेतलेच नाही, त्यांनी ते अर्धवट टाकले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

२०१२ मध्ये मान्यता पावलेले बेडाक्विलिन आज हाताशी आहे, आणि त्यालाही दाद न देणारे जंतू आढळू लागले आहेत. स्ट्रेप्टोमायसिनची कथा त्याच्या बाबतीत पुनः घडू द्यावयाची नसेल, तर रोग्याला बोल लावण्याआधी त्याच्या हातातील चिठ्ठी आणि त्याच्या घराची खिडकी या दोहोंकडे समाजाने पाहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.