चवदार तळे ते स्विमिंग पूल

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की शहरभर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. यंदा मी माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला पोहण्याच्या शिबिरात घातलं. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी सहज विचारलं, "घरी कोणाला पोहता येतं? तिची भीती लवकर जाईल." मला येत नाही. तिच्या बाबांना येत नाही. चारही आजी-आजोबांपैकी एकालाही येत नाही. घरी आईचा सूर वेगळाच: "एवढ्याशा लेकराले पाण्यात कायले टाकतेस? दूर ठेव तिले पाण्यापासून."

माझी आई वाळवंटात वाढलेली नाही. तिचं बालपण भंडारा जिल्ह्यात गेलं, म्हणजे तलावांच्या जिल्ह्यात. गावात मोठा मालगुजारी तलाव होता. पण त्याच्या पाळीवर कोणी बसायचं, कोणत्या घाटावर कोणी उतरायचं, हे ठरलेलं होतं. लहान पोरगी त्या तलावात पाय घालायला गेली तर मार तिच्या बापाला बसायचा. मग आईबाप पोरांना पाण्याची भीतीच घालायचे. मुलांना मारापासून वाचवण्याचा तोच एक उपाय त्यांच्या हातात होता. आम्ही मात्र त्या भीतीला 'स्वभाव' समजत आलो.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपल्यात कोणी पोहतच नव्हतं असं नाही. नदीच्या खालच्या अंगाला, गुरं धुताना, कित्येक पोरं पोहायला शिकली. ढिवर बांधव तर पाण्यातच वाढले आणि त्यांच्या त्या कौशल्याला या समाजाने कधी मान दिला नाही. पण बाप मुलाला तलावावर नेतोय, पोटाखाली हात धरून शिकवतोय, हे निवांत शिकणं ज्यांचा तलाव त्यांच्याच वाट्याला आलं.

महाडचा संगर आपण दरवर्षी आठवतो, तो बहुधा पिण्याच्या पाण्याचा लढा म्हणून. बाबासाहेबांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं की चवदार तळ्याचं पाणी न प्यायल्याने आपण मरणार नव्हतो. इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे तिथे सिद्ध करायचं होतं. घटनाक्रम नीट पाहा. ४ ऑगस्ट १९२३ ला बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे खुले झाले, कागदावर. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला आपली माणसं खरोखर तळ्यावर गेली. त्यानंतर मारहाण झाली, १०८ घागरींचं 'शुद्धीकरण' झालं आणि ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्ण मंडळी कोर्टात गेली. तळं सार्वजनिक नाही, आमचं खाजगी आहे, असा त्यांचा दावा होता. तो खोटा ठरवून घ्यायला मुंबई हायकोर्टाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत थांबावं लागलं.

सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क मान्य झाला की ते पाणी 'खाजगी' होतं. महाडची ही चाल पुढे अमेरिकेतही दिसते. १८ जून १९६४ ला फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन शहरात काळे आणि गोरे आंदोलक एका हॉटेलच्या पूलमध्ये एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्यांच्या आजूबाजूला पाण्यात ॲसिड ओतलं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराने तर काळ्यांसोबत पोहण्यापेक्षा आपले सार्वजनिक पूलच बंद केले आणि १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं. ठिकठिकाणी गोरे खाजगी क्लबांच्या पूलकडे वळले. पुढच्या पिढ्यांत काळी मुलं पोहायला कमी शिकली, आणि लोक म्हणू लागले की काळ्यांना पोहता येत नाही.

आपल्या संविधानात कलम १५(२) आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, सरकारी पैशाने चालणाऱ्या किंवा जनतेसाठी ठेवलेल्या जागा यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येत नाही. आज नागपुरात कोणी मला जात विचारून पूलवरून परत पाठवत नाही. पण पूल कुठे आहेत? फ्लॅट स्कीममध्ये, क्लबमध्ये, महागड्या शाळांमध्ये. आमच्या मोहल्ल्यातली पोरं उन्हाळ्यात खदानीत आणि नाल्यात उतरतात. कोणी बुडालं की पेपरात चार ओळी येतात. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा असं सांगते, आणि आपल्या महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला ते कुठे शिकायला मिळतं, हे ज्याने त्याने आपल्या वॉर्डात जाऊन पाहावं.

एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "ताई, अत्याचाराच्या केसेस पडल्या आहेत आणि तुम्ही पोहण्यावर लिहिता? हा मध्यमवर्गीय शौक आहे." माझ्या फीची पावती पाहिली तर त्याचं अर्धं बरोबर आहे. पण जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वाकडी गावात मातंग समाजातल्या मुलांना नागडं करून मारलं, ते कशासाठी? विहिरीत पोहल्याबद्दल. त्यांना तहान लागली नव्हती. ऊन होतं, पाणी होतं, पोरं खेळायला उतरली होती. आपण पाण्याचा हक्क फक्त घोटापुरता मागत राहिलो तर या पोरांचा गुन्हा आपल्याला नीट मांडताच येणार नाही. म्हणून वॉर्डात सार्वजनिक पूल, शाळेच्या वेळापत्रकात पोहणं आणि फी परवडेल अशी, या मागण्या निवेदनात रस्ता-नालीच्या बरोबरीने आल्या पाहिजेत. पुढच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाचं निवेदन जाईल, त्यात हा मुद्दा मी घातला आहे. दोघीतिघी हसल्या, पण सही सगळ्यांनी केली.

मुलगी आता तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढते. काल आई पहिल्यांदा सोबत आली. बराच वेळ भिंतीला टेकून उभी होती, मग चप्पल काढून काठावर बसली. बायकांची बॅच सकाळी ६ ला असते. १ जूनपासून त्यात माझं नाव आहे.