फ्लोरोपॉलिमर म्हणजे काय? अर्थ, प्रकार आणि आपल्या मोबाईल-स्मार्टवॉचमधला वापर

स्मार्टवॉचचा पट्टा ऑनलाइन शोधताना वर्णनात 'फ्लोरोइलास्टोमर' किंवा नुसतं 'एफकेएम' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. किंमत साध्या सिलिकॉन पट्ट्यापेक्षा बरीच जास्त असते. दुसरीकडे 'फ्लोरीनवालं प्लास्टिक म्हणजे विष' असे मेसेजही फिरत असतात. चला तर मग, हा शब्द नीट समजून घेऊ.

शब्दाचा अर्थ

पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबच लांब साखळी. मराठी पुस्तकांत याला 'बहुवारिक' म्हणतात. साध्या पॉलिथिन पिशवीत कार्बनच्या साखळीला हायड्रोजनचे अणू चिकटलेले असतात. त्या हायड्रोजनच्या जागी काही किंवा सगळे फ्लोरीनचे अणू आले, की झाला फ्लोरोपॉलिमर.

एवढ्या बदलाने काय फरक पडतो? खूप पडतो. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध भलताच मजबूत असतो. त्यामुळे हा पदार्थ उष्णता सहन करतो, ॲसिडला दाद देत नाही आणि त्याला पाणी-तेल चिकटत नाही. कडक असेल तर त्याला फ्लोरोप्लास्टिक म्हणतात, रबरासारखा ताणला जात असेल तर फ्लोरोइलास्टोमर.

यातला सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ पीटीएफई, आणि तो सापडला चक्क अपघाताने. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीचे रॉय प्लंकेट फ्रिजसाठीच्या वायूवर काम करत होते. सिलिंडरचं वजन भरलेल्यासारखं, पण वायू काही बाहेर येईना. शेवटी सिलिंडर करवतीने कापला, तर आत मेणासारखी पांढरी पूड! तीच पुढे 'टेफ्लॉन' नावाने विकली गेली. म्हणजे टेफ्लॉन हे ब्रँडचं नाव, पदार्थ पीटीएफई. नळ बसवताना प्लंबर आट्यांवर जी पांढरी टेप गुंडाळतो, तीही हीच.

मोबाईलमध्ये कुठे असतं?

दोन ठिकाणं तर नक्की.

पहिलं, स्क्रीनवर. बोटांचे ठसे पटकन पुसले जावेत म्हणून काचेवर फ्लोरीनयुक्त पदार्थाचा अतिशय पातळ थर देतात. आयफोनमध्ये तो 2009 च्या 3जीएस मॉडेलपासून आला. हा थर वापराने झिजतोच. काच पुसायचा स्प्रे किंवा खरखरीत कापड वापरलं तर आणखी लवकर जातो. नव्या फोनवर बोट सरसर फिरायचं आणि वर्षभराने अडखळायला लागतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. टचमध्ये बिघाड झालाय असं समजून लगेच दुकानात धावू नका.

दुसरं, बॅटरीच्या आत. लिथियम-आयन बॅटरीत धन बाजूची पूड ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर धरून ठेवायला डिंकासारखं काहीतरी लागतं. ते काम बहुतेक वेळा पीव्हीडीएफ हा फ्लोरोपॉलिमर करतो.

मग हे विषारी आहे का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तयार झालेलं पीटीएफई पोटात गेलं तरी शरीर ते पचवत नाही, ते तसंच बाहेर पडतं. नॉनस्टिक तवा मात्र रिकामा तापवत ठेवू नका. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर थर खराब व्हायला लागतो आणि फार तापला तर निघणाऱ्या धुराने घरातले पाळीव पक्षी मरू शकतात.

खरी काळजी आहे ती फ्लोरीनच्या छोट्या रेणूंची. हे सगळे 'पीफास' नावाच्या मोठ्या कुटुंबातले. फ्लोरोपॉलिमरही रसायनशास्त्राच्या हिशेबाने त्याच कुटुंबात येतात, पण छोटे रेणू पाण्यात मिसळतात, रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पीटीएफई बनवताना पूर्वी सर्रास वापरलं जाणारं पीएफओए त्यातलंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2023 मध्ये ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं.

आता पट्ट्याकडे परत येऊ. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी 22 घड्याळी पट्टे तपासले आणि डिसेंबर 2024 मध्ये निष्कर्ष छापले. 15 पट्ट्यांत फ्लोरीन भरपूर होतं, आणि महाग पट्ट्यांत ते जास्त आढळलं. काहींमध्ये पीएफएचएक्सए हा छोटा पीफास रेणू बराच सापडला. तो त्वचेतून किती आत जातो, हे त्या अभ्यासात मोजलेलं नव्हतं. पण दिवसरात्र, घामात पट्टा हातावर ठेवणार असाल तर माझं मत सरळ आहे: साधा सिलिकॉनचा घ्या, पैसेही वाचतील. एफकेएमचा खरा फायदा म्हणजे तेल, घाम, सनस्क्रीनने तो लवकर खराब होत नाही.

आणि हा विषय फक्त परदेशातला नाही. इटलीत विचेंझाजवळच्या मितेनी कारखान्याने पीफासने भूजल दूषित केलं, 2018 मध्ये तो दिवाळखोरीत गेला आणि जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने 11 अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री एका भारतीय कंपनीने विकत घेतली. ती आली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे औद्योगिक वसाहतीत.