पाया हलला तेव्हा

दोन आणि तीन मिळून पाच होतात, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असते. ‘पण का होतात?’ असे त्याने विचारले, की मास्तरांची पंचाईत! मी स्वतः मास्तर असल्याने ती पंचाईत माझ्या चांगल्या परिचयाची आहे. या साध्या ‘का’पायी सारे आयुष्य वेचणारा एक मास्तर जर्मनीत होऊन गेला. त्याचे नाव गोटलोब फ्रेगे.

बाल्टिक समुद्राकाठच्या विस्मार गावी १८४८ साली त्याचा जन्म झाला. वडील मुलींच्या शाळेचे चालक होते. १८७४ पासून निवृत्त होईपर्यंत त्याने येना विद्यापीठातच गणित शिकवले. अंकगणिताची सत्ये अनुभवातून येत नाहीत, ती निव्वळ तर्कातून निघतात, अशी त्याची श्रद्धा होती. ते सिद्ध करायला रोजची भाषा अपुरी. तिच्यात गृहीते नकळत शिरतात. म्हणून १८७९ साली त्याने विचारांसाठी एक स्वतंत्र चिन्हलिपीच रचली. ‘सर्व’ आणि ‘काही’ या शब्दांचा इतका काटेकोर हिशेब ॲरिस्टॉटलनेही मांडला नव्हता. परंतु ती उभी-आडवी चिन्हे पाहून बहुतेक विद्वानांनी पुस्तक बाजूला ठेवले.

फ्रेगे थांबला नाही. त्याच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली निघाला. दुसरा छापखान्यात असतानाच १६ जून १९०२ या तारखेचे एक पत्र इंग्लंडहून आले. लिहिणारा होता तीस वर्षांचा बर्ट्रांड रसेल. त्याने ग्रंथाची मनापासून स्तुती केली होती. फक्त एका ठिकाणी अडचण येते, असे कळवले होते.

ती अडचण सोप्या रूपात अशी. काही सूच्यांत त्यांचे स्वतःचेही नाव असते, काहींत नसते. आता स्वतःचे नाव नसलेल्या सगळ्या सूच्यांची एक महासूची करा. तिच्यात तिचे स्वतःचे नाव घालावे की नाही? घातले, तर ती त्या जातीची उरत नाही. न घातले, तर ती त्याच जातीची ठरते, म्हणून घालावेच लागते! असला पेच फ्रेगेच्या नियमांतूनच निघत होता.

त्रेपन्नाव्या वर्षी आयुष्यभराच्या कामाचा पाया असा हलला. एखाद्याने पत्र दडपले असते. फ्रेगेने सहाच दिवसांनी, २२ जून रोजी, उत्तर लिहिले. आपल्याला जबर धक्का बसला आहे हे त्याने कबूल केले, आणि या शोधाने तर्कशास्त्राची मोठी प्रगती होईल, असेही वर लिहिले. १९०३ साली निघालेल्या दुसऱ्या खंडाला परिशिष्ट जोडून त्याने आपल्या ग्रंथातला दोष स्वतःच चव्हाट्यावर मांडला. तेथे सुचवलेली डागडुजी पुढे टिकली नाही. तिसरा खंड निघालाच नाही.

मान मिळाला तो थोड्यांकडून. १९११ साली लुडविग विटगेनस्टाइन हा तरुण त्याला भेटायला आला. १९१३ साली त्याच्या एका वर्गात तीनच श्रोते होते: रुडॉल्फ कार्नाप, त्याचा मित्र आणि हौसेने येणारा एक निवृत्त मेजर! पुढे विटगेनस्टाइन आणि कार्नाप यांनीच त्याचे विचार जगभर पोचवले.

गोष्ट येथे संपवता आली असती, तर दिवाळीच्या फराळाइतकी गोड लागली असती. परंतु १९२४ सालची त्याची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली आहे. जर्मनीतल्या ज्यूंना इतरांच्या बरोबरीचे राजकीय हक्क असावेत, हे तिच्यात त्याला दुर्दैव वाटते. आणि विटगेनस्टाइनच्या घराण्याचे मूळ तर ज्यूच होते! अंकांच्या एकेका गृहीताचा पुरावा मागणाऱ्या या माणसाने मनातल्या द्वेषाला मात्र पुरावा कधी विचारला नाही.

१९२५ साली तो वारला. आजचे तर्कशास्त्र त्याने घातलेल्या पायावर उभे आहे. मुलांना मी त्याच्या त्या उत्तराची गोष्ट सांगतो, आणि ती जरा मोठी झाली, की रोजनिशीचीही सांगतो. एक सांगून दुसरी लपवली, तर ते फ्रेगेच्या परिशिष्टाला शोभणार नाही.