चहाचे प्रायश्चित्त

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला माझ्याच विद्यार्थ्याने शिक्षा केली. पाचवीत असताना पाढे येत नाहीत म्हणून मी ज्याला वर्गाबाहेर उभा करीत असे, तो आता वणीतच डॉक्टर आहे. सगळा हिशेब त्याने एका वाक्यात चुकता केला.

"सर, कॉफी बंद."

झाले होते असे की, रात्री दोनच्या सुमारास छातीत धडधड सुरू व्हायची. मी उठून बसायचो. मी बसलो की ही पण उठून बसायची. "पाणी देऊ का?" "नको. डास चावला." थंडीच्या दिवसांत महिनाभर रोज रात्री दोनला डास चावतो यावर तिचा विश्वास बसला नाही, आणि भीती कुणाला वाटते आहे हे विचारायचे दोघांनीही टाळले. शेवटी तिने मला दवाखान्यात नेले. पट्टी काढली, ती निर्दोष निघाली. मग प्रश्न आला, दिवसात कॉफी किती? मी म्हटले, दोन. माझ्या खुर्चीमागून आवाज आला, "पाच. शेवटची रात्री दहाला."

आता कॉफी म्हणजे आमच्याकडे नुसते पेय नव्हते. आई दूध आटवून, वर जायफळ उगाळून ती करीत असे, आणि तीही पाहुणा मानाचा असला तरच. बाकीच्यांना चहा. वणीत चहाला काय तोटा! चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीच्या गडाकडे खानदेशातून माणसे पायी येतात, तेव्हा स्टँडवरची चहाची पातेली रात्रभर उतरत नाहीत. त्या गर्दीकडे बघत ओट्यावर जायफळाची कॉफी पिताना मला उगीचच आपण कुणीतरी आहोत असे वाटायचे. हा आजार धडधडीपेक्षा जुना.

"कॉफीऐवजी चहा घ्या. तोही बिनदुधाचा, दिवसातून दोनदा. जेवणावर नको, जेवणातले लोह अंगी लागत नाही. संध्याकाळी गवती चहा," डॉक्टर म्हणाला. म्हणजे मला चहाचे प्रायश्चित्त मिळाले! आणि याच महाराष्ट्रात एके काळी चहा प्याल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागत होते.

ती हकिगत १८९० सालच्या ऑक्टोबरातली. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. टिळक होते, गोखले होते, न्यायमूर्ती रानडे होते. (रानडे जन्माने निफाडचे, म्हणजे आमच्याच नाशिक जिल्ह्यातले, म्हणून त्यांच्याबद्दल मला जरा जास्त वाटते.) व्याख्यान झाले आणि चहा-बिस्किटे आली. कुणी प्याले, कुणी यजमानांचा मान म्हणून कप नुसता हातात घेऊन खाली ठेवला. एवढ्यावर ते मिटले असते. पण त्या मंडळींत गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. ह्या गृहस्थांना लोकांची फजिती बघण्याची भारी हौस. त्यांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली!

मिशनऱ्यांच्या हातचा चहा! पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. चहावाल्यांच्या घरी धर्मकृत्याला भटजी मिळेनात. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली मित्रांच्या आग्रहाखातर प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारक त्यांच्यावर चिडले. रमाबाईंनी आपल्या आठवणींत हे सारे लिहिले आहे. एवढा मोठा न्यायाधीश. आणि कप प्यायला की नुसता धरला, यावर सगळा खटला!

पुढे चहाचे ग्रह फिरले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या धंद्यातल्या मंडळींनी गावोगाव फुकट कप वाटून लोकांना चव लावली. गांधीजींनी १९४२ साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात चहा, कॉफी आणि कोको या तिघांचीही शरीराला गरज नाही असा निकाल दिला. तो निकाल देशाने आदराने ऐकला आणि आधण ठेवले.

शिक्षा निमूट सोसणे मास्तरच्या स्वभावात नसते. मी अभ्यास केला. रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून कॅफिन काढले. बिया त्याला महाकवी गटेने दिल्या होत्या. पुढे १८२७ साली चहातही तसलेच काही सापडले, त्याला लोकांनी 'थेईन' असे वेगळे नाव ठेवले. अकरा वर्षांनी कळले की दोन्ही एकच! हे घेऊन मी दवाखाना गाठला.

"म्हणजे तू मला एका घरातून काढून त्याच वाड्यातल्या दुसऱ्या खोलीत बसवलेस."

"सर, कपाला कप धरला तर चहात साधारण निम्मे असते," तो शांतपणे म्हणाला. "आणि गवती चहात अजिबात नसते. ते चहाचे झाडच नाही, गवत आहे." निम्मे म्हणजे किती, हे आता तो मला शिकवत होता.

कोरा चहा पहिले आठ दिवस औषधासारखा घेतला. मुलीने पुण्याहून ग्रीन टी पाठवला. त्याची चव भाजी धुतलेल्या पाण्याच्या जवळपास जाते, पण लेकीने पाठवलाय म्हणून डबा संपवला. गवती चहा मात्र जमला. मागल्या दारी न्हाणीच्या पाण्यावर त्याचे बेट माजले आहे. पाती खुडून, आले ठेचून ही उकळत ठेवते, तेव्हा वास आधी येतो आणि कप मागाहून. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दोनला जाग आली. धडधड नव्हती. शेजारी ही गाढ झोपली होती. कितीतरी दिवसांनी.

परवा गल्लीत सत्यनारायण होता. तीर्थप्रसादानंतर मानाचा म्हणून मला कॉफी आली. जायफळ घातलेली. नको कसे म्हणणार? कप हातात घेतला, वास घेतला, आणि रानड्यांसारखा खाली ठेवला. म्हणजे दोन घोट घेऊन ठेवला.

संध्याकाळी फोन वाजला.

"सर, कॉफी घेतलीत म्हणे?"

वणीला 'पुणे वैभव' लागत नाही. ही स्वयंपाकघरात गवती चहाची पाती कापत होती, जरा जास्तच लक्ष देऊन.