दोन बाजूंची कॅसेट

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली एसटी नळदुर्ग मागे टाकून उमरग्याच्या वाटेला लागली की जळकोट येते. लातूर जिल्ह्यात याच नावाचे तालुक्याचे गाव आहे, ते वेगळे. आमचे जळकोट तुळजापूर तालुक्यातले. इथे माझे वडील लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्याने देत. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. दोन भोंगे, एक मशीन, एक टेप, वीज गेली तर बॅटरी आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटी, एवढे त्यांचे भांडवल. डब्यातल्या निम्म्याहून अधिक कॅसेटी एकाच गायकाच्या होत्या. प्रल्हाद शिंदे.

आबा त्यांना 'प्रल्हाददादा' म्हणत. दादांना आबा ओळखतही नव्हते, पण सुगीचे पैसे आले की सोलापूर, उमरगा, लातूर, जिथे त्यांचा कार्यक्रम असेल तिथे जात आणि रात्र एसटी स्टँडवर काढून सकाळी परत येत. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही होती. कोणत्या गावी ऐकले, ढोलकीवर कोण होते, गाणे कोणाचे, याच्या नोंदी त्यात पेन्सिलीने केलेल्या. कॅसेटच्या वेष्टनावर बऱ्याचदा गायकाचा फोटो मोठा आणि कवीचे नाव बारीक, किंवा नाहीच. आबा कार्यक्रम संपल्यावर कोरसवाल्यांना गाठून ते विचारून घेत. पुढे मी लोकगायकांवर टिपणे काढू लागलो तेव्हा ग्रंथालयात जे मिळेना ते या वहीत मिळाले. नाट्यसंगीत आणि भावगीत यांच्यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. ज्यांची गाणी चहाच्या टपरीवर वाजली त्यांचा इतिहास चाहत्यांनी जपला, आणि तो असा बिस्किटांच्या डब्यात राहिला.

आबांची सर्वांत लाडकी कॅसेट मात्र विकतची नव्हती, सोलापुरातल्या एका दुकानातून भरून घेतलेली होती. एका बाजूला विठ्ठलाची गाणी, दुसऱ्या बाजूला भीमगीते. लहानपणी मला यात काही विशेष वाटले नाही. कॉलेजात गेल्यावर एका मित्राने विचारले, "तुझे वडील बौद्ध ना? मग घरात विठ्ठल कसा वाजतो?" त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

तो प्रश्न खुद्द गायकालाही लागू होता. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचा. लहानपणी आईवडिलांबरोबर रस्त्यावर भजने गात पोट भरावे लागले. मुंबईत इस्माईल आझाद या कव्वालाच्या कोरसमध्ये ते होते. पुढे स्वतःची पार्टी उभी केली. भजनाची चाल, कव्वालीची चढती लय आणि उघड्या मैदानात शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा मोकळा, उंच गळा, हे सगळे या प्रवासातून आले. इंग्रजीत ज्याला पॉप म्हणतात ते मराठीत कोणी गायले असेल तर ते या माणसाने, असे माझे मत आहे. त्यासाठी गिटार लागत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत राम-कृष्णाला आणि गौरी-गणपतीला देव मानणार नाही, असे स्पष्ट आहे. आणि वामनदादा कर्डकांची भीमगीते गाणाऱ्या पिढीतल्या या गायकाच्या आवाजातले हरेंद्र जाधवांचे गणपतीचे गाणे गणेशोत्सवात मांडवामांडवांत वाजते. 'पाऊले चालती पंढरीची वाट' तर आषाढीला महाराष्ट्रभर ऐकू येते. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना गायकाचे नाव ठाऊक असते, त्याचे दुसऱ्या बाजूचे गाणे नसते.

याचे एक सोपे उत्तर दिले जाते: पोटासाठी गायले. उत्तर खोटे नाही. कॅसेट कंपनीला भक्तिगीत हवे असे, कारण ते वर्षानुवर्षे खपे. पण पोटासाठी म्हटलेले गाणे तीन पिढ्यांच्या गळ्यात उतरत नाही. मला वाटते, उत्तर मंगळवेढ्यात शोधावे लागते. चोखोबा तिथलेच. गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली ते गेले, तो काळ १३३८ चा सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आत नाही, समोर. देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. तेव्हा प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयात ते रस्त्यावर भजने म्हणत होते, त्या वयात त्या भजनातल्या देवाच्या दाराशी त्यांना अडवले जात होते. तरी ती चाल त्यांच्याकडे आईबापांकडून आली होती. ती कुणाकडून मागून आणलेली नव्हती.

धर्म सोडता येतो, कानात बसलेली चाल कशी सोडणार? माझे काही मित्र यावर चिडतात. त्यांचे म्हणणे, अशाने बावीस प्रतिज्ञांना अर्थ उरत नाही. त्यांच्या रागाला आधार आहे. आमच्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला १९४१ साली बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. असे संमेलन भरवणे सोपे नव्हते. ज्यांनी ते सोसले त्यांच्या नातवांना टेपवर विठ्ठल ऐकून खुपले तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण आबांचे काय?

एका गावी, नाव घेत नाही, सप्ताह होता. भोंगे आबांचे. मशीन ठेवायला मंडपात जागा होती, तरी त्यांना देवळाच्या पायऱ्यांखाली बसायला सांगितले गेले. कोणी वाईट बोलले नाही. पोते अंथरून दिले, चहाही आणून दिला, वेगळ्या कपात. पहाटे काकडा व्हायच्या आधी आबांनी ती कॅसेट लावली. विठ्ठलाची बाजू. देवळातून बायका बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पुन्हा लावा की." आबांनी तीनदा लावली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा, शेजारी पोत्यावर. घरी येताना त्यांनी सायकल थांबवली, कॅसेट काढून उलटी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आवाज आत जाऊन आला."

एवढेच. ते पुढे बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही.

हे सगळे घडवले ते कॅसेटने, हेही नोंदवायला हवे. सत्तरच्या दशकाअखेरपर्यंत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यावर एचएमव्हीची पकड होती. तबकडी महाग, ग्रामोफोन त्याहून महाग. मग स्वस्त टेप आले, लहान कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचे १९९३ चे पुस्तक उत्तर भारतातल्या या उलथापालथीचे वर्णन करते. आपल्याकडे जयंतीचा मांडव आणि गणपतीचा मांडव या दोहोंनी तेच केले. आनंद आणि मिलिंद हे त्यांचे मुलगे याच कॅसेटच्या लाटेवर घराघरांत पोचले. नातू आदर्शने २०१३ च्या 'दुनियादारी' चित्रपटात देवाच्या गाभाऱ्याचे गाणे गायले आणि २०१९ मध्ये बाबासाहेबांवरच्या मालिकेचे शीर्षकगीतही. कॅसेट गेली, बाजू दोन्ही राहिल्या.

१५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. २३ जूनला प्रल्हाददादा. चाळीस दिवसही मध्ये नव्हते. बातमी आली त्या संध्याकाळी आबांनी भोंगे बाहेर काढले नाहीत. टेप घरात लावला, आवाज लहान ठेवून. आधी एक बाजू पूर्ण, मग दुसरी. मधे रीळ अडकले तेव्हा पेन्सिल घालून ते गुंडाळले आणि जिथे तुटले होते तिथून पुन्हा सुरू केले. आई म्हणाली, जेवून घ्या. ते म्हणाले, ही संपू दे.

वहीत त्या तारखेखाली एकच ओळ आहे. गाव: जळकोट. ढोलकी: या रकान्यासमोर काही लिहिलेले नाही.